घरी बघितलेल्या सिनेमा-सिरीजबद्दल नीट मत कसं द्यायचं

दर शनिवारी दुपारी थोरल्या जाऊबाईंचा फोन येतो, "आज रात्री काय लावू गं?" आणि मी सांगते. एकदा मी नुसतं "मस्त आहे, बघा की" म्हणून मोकळी झाले, त्यांनी पोरांना, सासूबाईंना सगळ्यांना घेऊन लावलं, आणि दहाव्या मिनिटाला अशा शिव्या सुरू झाल्या की रिमोट शोधताना त्यांची धांदल उडाली. सिरीज वाईट नव्हती, माझं सांगणं अपुरं होतं. "मस्त" आणि "बोअर" या दोन शब्दांतून ऐकणाऱ्याला काहीच कळत नाही, हे मला त्या दिवशी पटलं आणि तेव्हापासून मी वही लिहायला लागले. आता चार वर्षं झाली, आमच्या सोलापुरातल्या नात्यागोत्यात अर्धी लोकं मला विचारून बघतात, म्हणून जी पद्धत बसलीय ती लिहितेय.

आधी टीव्ही नीट करा, मग सिनेमाला नावं ठेवा

हे सगळ्यात आधी. नवीन टीव्ही घेतला की चांगला सिनेमासुद्धा दुपारच्या सिरीयलसारखा गुळगुळीत दिसायला लागतो आणि आपण म्हणतो शूटिंगच स्वस्तातलं आहे. तसं नसतं. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो आणि टीव्ही मधल्या फ्रेम स्वतः बनवून घुसवतो, म्हणून ते तसं दिसतं. सेटिंगमध्ये पिक्चरमध्ये जाऊन मोशन असं काहीतरी लिहिलेलं सापडेल, प्रत्येक कंपनीचं नाव वेगळं, ते बंद करा. काही टीव्हीवर फिल्ममेकर मोड असतो, तो लावला की एकदम काम होतं. क्रिकेटला पाहिजे तर परत चालू करा.

दुसरं म्हणजे जुन्या सिनेमांची चौकट. आमच्या सासऱ्यांना, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' बघायचा होता. १९४६चा, शांतारामबापूंनी काढलेला आणि कोटणीसांचं काम त्यांनीच केलेलं. कोटणीस म्हणजे आपल्या सोलापूरचे, १९३८ साली पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले आणि १९४२ला तिथंच वारले, वय फक्त ३२. त्यांच्या घराचं इथं स्मारक केलंय. तर आम्ही लावला आणि सगळ्यांचे चेहरे भाकरी थापल्यासारखे पसरट. अण्णा म्हणाले "प्रिंट खराब आहे, बंद कर." प्रिंट ठीकच होती, जुना सिनेमा जवळजवळ चौकोनी असतो आणि टीव्हीनं तो दोन्हीकडून ताणून पडदाभर केला होता. रिमोटवरनं स्क्रीनचा आकार ४:३ केला, दोन्ही बाजूला काळ्या पट्ट्या आल्या आणि चेहरे माणसांचे झाले. मग अण्णांनी शेवटपर्यंत बघितला, मधे एकदाही उठले नाहीत.

तिसरं आवाज. गाणं आलं की कान फुटतात आणि डायलॉग आला की ऐकू येत नाही, ही तक्रार तर घराघरात. बऱ्याच वेळा पिक्चरचा आवाज ५.१चा, म्हणजे चहूबाजूंना लावलेल्या स्पीकरांसाठी बनवलेला असतो, त्यात बोलणं मधल्या स्पीकरला दिलेलं, आणि आपल्या टीव्हीला मधला स्पीकरच नाही. ॲपमध्ये ऑडिओ निवडायच्या जागी साधा स्टिरिओ असेल तर तो घ्या. आम्ही राहतो त्या सोलापूरच्या पूर्व भागात दिवसभर यंत्रमागांची खडखड असते, त्यामुळे हळू बोलणारा सिनेमा मी दुपारी लावतच नाही, रात्री दहानंतर. उन्हाळ्यात तर दुपारी ४२-४३ डिग्रीत कूलरच्या आवाजात जे बघितलं त्याच्यावर मत देऊच नये असं माझं ठाम म्हणणं आहे.

बघणाऱ्यांकडेपण बघा

सासूबाई टीव्हीसमोर शेंगा फोडत बसतात, चटणीला लागतात म्हणून. सुपात टरफलं पडत असतात, टक टक टक. आणि मधेच कधीतरी ती टक टक थांबते. शेंग दोन बोटांत धरलेली, अंगठा वर आलेला, आणि फोडायची राहिलेली. मी तेव्हा घड्याळ बघते आणि वहीत वेळ लिहिते. कोणत्या सिनेमानं त्यांचे हात किती वेळा थांबवले आणि कुठं, यातनं मला जेवढं कळलंय तेवढं माझ्या स्वतःच्या विचारातनं पण कळलेलं नाही, कारण मला पुढं मत द्यायचंय हे माझ्या डोक्यात असतं आणि त्यांच्या डोक्यात ते नसतं. 'सैराट'ला पूर्वार्धात, गाणी-बिणी चालू असताना, हात चालूच होते, आनंदात चालू होते. त्यातली हिरो-हिरॉईन हैदराबादला पोचल्यावर टक टक कमी होत गेली आणि शेवटच्या काही मिनिटांत तर सूप मांडीवरनं खाली ठेवलं होतं. लोक म्हणतात उत्तरार्ध स्लो आहे. मला नाही पटत, दिग्दर्शक नागराज मंजुळे आपल्या जिल्ह्यातले, जेऊरचे, म्हणून मी बाजू घेत नाहीये, सुपाकडं बघून सांगतेय. संसार मांडताना ज्या बारीकसारीक कटकटी होतात त्या दाखवल्या नसत्या तर शेवट एवढा लागलाच नसता.

आणि हो, आपल्या गावचा माणूस, आपल्या जिल्ह्यातलं शूटिंग, हा आनंद वहीत वेगळा लिहायचा. तो खरा आहे, लपवायचा नाही, पण नागपूरच्या माणसाला सिनेमा सांगताना तो बाजूला काढता आला पाहिजे.

स्टार देऊ नका, एक सीन लिहा

पाचपैकी साडेतीन म्हणजे नक्की काय, मला तरी कळत नाही. त्याऐवजी संपल्यावर लगेच, झोपायच्या आधी, जो सीन डोळ्यासमोर आहे तो दोन ओळीत लिहा. सकाळी लिहू म्हटलं की सगळा सिनेमा एकसारखा होतो. उदाहरण देते, चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट'. त्यात कॅमेरा लांब एका जागी उभा असतो, कुणाच्या चेहऱ्याजवळ धावत नाही. एका ठिकाणी कोर्टाचं काम संपतं, लोक निघून जातात, माणूस येऊन एकेक लाइट बंद करतो आणि कॅमेरा त्या अंधारात तसाच राहतो. माझ्या वहीत एवढंच आहे: "दिवे बंद केले तरी आपण आतच." आता कुणी विचारलं की मी हाच सीन सांगते, ज्याला तो ऐकून उत्सुकता वाटते त्याला 'कोर्ट' आवडतो आणि जो म्हणतो "मग पुढं काय होतं?" त्याला मी तो देत नाही, दुसरं काहीतरी सांगते. दोघांचंही काही चुकत नाही.

सिरीज आणि सिरीयल

सिरीजला मी दोन एपिसोड देते. सोडली तर का सोडली ते लिहायचंच, "नाही आवडली" चालणार नाही. आणि सीझनचं मत वेगवेगळं ठेवा. 'पंचायत' घ्या, २०२०चा पहिला सीझन आठ एपिसोडचा, त्यात ऑफिसातल्या चाकं लावलेल्या खुर्चीवरनं अख्खा एपिसोड उभा केलाय, आणि आपल्याकडच्या ग्रामपंचायतीत बसलेल्या कुणालाही ते पटेल. पुढच्या सीझनमध्ये निवडणूक आणि गटबाजी वाढत गेली तसं ते छोटं छोटं कमी झालं, मला त्याची हळहळ वाटते. पण कुणी विचारलं तर "पंचायत चांगली आहे" असं मोघम न सांगता "पहिला नक्की बघा, पुढचे त्या माणसांवर जीव जडला तर बघा" असं सांगते. 'स्कॅम १९९२' उलट, दहाच एपिसोड, शेअरबाजारातलं काही कळत नसलं तरी चालतं, फक्त शिव्या आहेत, पोरं झोपल्यावर लावा.

रोजच्या सिरीयलला मात्र ही फूटपट्टी लावू नका. 'चार दिवस सासूचे' तीन हजारांहून जास्त भाग चालली, ती काय एका बैठकीत बघायला बनवलीच नव्हती, भाजी निवडता निवडता रोज भेटायला बनवली होती. तिथं बघायचं एवढंच, आठवडा चुकला तर रविवारी परत बसल्यावर त्या बाईची काळजी वाटते का.

डब केलेलं असेल तर तसं लिहा

शेजारच्या अक्का तेलुगू बोलणाऱ्या. एकदा एक तेलुगू पिक्चर मी हिंदीत बघितला आणि म्हटलं हिरोची आई फारच ओरडते. अक्कांनी तोच मूळ भाषेत लावला. आई ओरडतच नव्हती, अगदी हळू, नाक ओढत बोलत होती, ओरडत होती ती डबिंगवाली. तेव्हापासून वहीत भाषा लिहिते, मूळ, डब का सबटायटल. डबिंग ऐकून नटाच्या कामावर मत द्यायचं नाही, हा अन्याय होतो.

सांगताना

आधी विचारा: कोण कोण बसणार, किती वाजता, आणि मन कसं आहे. घरात नुकतं कुणी गेलं असेल तर मरणाचा सिनेमा कितीही भारी असला तरी तो सांगायचा नाही. मग शिव्या, मारामारी, पोरांसमोर अवघड होईल असं काही, हे न विचारता स्वतःहून सांगा. शेवट सांगू नका, "शेवटी धक्का आहे" हेपण सांगू नका, माणूस मग धक्क्याचीच वाट बघत बसतो.

परवाच्या शनिवारी जाऊबाईंना मी असं सांगितलं, "'कोर्ट' लावा, पण तुम्ही आणि भाऊजी दोघंच, जेवणं आटपल्यावर, फोन आतल्या खोलीत ठेवून. मराठी, हिंदी, इंग्रजी, गुजराती सगळं आहे, खाली सबटायटल लावा. सुरुवातीची वीस मिनिटं काही घडत नाही असं वाटेल, थांबा." रविवारी सकाळी त्यांचाच फोन आला. "दिवे बंद केले ना गं त्यांनी," एवढंच म्हणाल्या, आणि मग आम्ही अर्धा तास बोलत होतो.