बडोद्यात घर बांधताय? माती-परीक्षणातल्या या चुका टाळा

बहुतेक घरमालक सॉइल रिपोर्ट काढतात तो नकाशा मंजूर व्हावा म्हणून. स्वस्तात स्वस्त, लवकरात लवकर. मग तो फाइलला लागतो आणि आरसीसी डिझाइन करणाऱ्याच्या हातात पडतो फक्त एक आकडा: जमीन किती टन घेईल. भूकंपाच्या दृष्टीने कामाची माहिती मात्र आतल्या बोअर लॉगमध्ये (जमिनीत घेतलेल्या भोकात कुठल्या खोलीवर काय लागलं, त्याच्या नोंदीत) असते, आणि ती पानं कोणी उलटत नाही.

बडोद्याला आपण भूकंपाचं गाव मानत नाही, पण आयएस १८९३ (२०१६) या भूकंपाच्या भारतीय संहितेप्रमाणे आपण झोन ३ मध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात आहोत. १९७० साली शेजारच्या भरुचला धक्का बसला होता. २६ जानेवारी २००१ ला केंद्र कच्छात असूनही दोनशेहून जास्त किलोमीटरवरच्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या. त्यात बांधकामाचे दोष होतेच. पण नदीच्या गाळाचा जाड थर लांबून आलेली कंपनं वाढवतो, हेही तिथे दिसलं. विश्वामित्री नदीकाठी आपल्या पायाखालीही गाळच आहे.

सगळ्यात महागात पडणारी चूक भरणीची. २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरानंतर जो तो प्लॉट तीन-चार फूट उंच करतोय. उंच करा, हरकत नाही. पण पाया त्या भरणीत थांबवू नका. भरणीत विटांचे तुकडे, प्लास्टिक, पाडलेल्या घराचा राडारोडा काहीही असतं, आणि ती कुठे किती दबेल याचा भरवसा नाही. बोअर लॉगमध्ये वरच्या पट्ट्यात ‘फिल्ड-अप’ असं लिहिलेलं असतं. तो पट्टा कुठे संपतो ते बघा आणि फुटिंग (कॉलमखालचा पसरट पाया) त्याखालच्या मूळ मातीत न्या. भरणी फार खोल असेल तर पाइल (खोल जाणारे काँक्रीटचे खांब), किंवा ती उपसून थराथराने रोलर मारून पुन्हा भरणं, हा निर्णय इंजिनिअरचा, कॉन्ट्रॅक्टरचा नव्हे.

याहून फसवी जागा म्हणजे अर्धा प्लॉट मूळ जमिनीवर आणि एक कोपरा बुजवलेल्या कांसेवर (नाल्यावर) किंवा कोतरावर (घळीवर). लहान घराला मध्यभागी एक बोअर पुरतो असं माती-तपासणीची संहिता आयएस १८९२ म्हणते, आणि मधला बोअर नेमका चांगल्या मातीत उतरतो. कोपऱ्यातले कॉलम मग वेगळे खचतात. म्हणून बोअरची जागा ठरवण्याआधी आजूबाजूच्या जुन्या रहिवाशांना विचारा, पावसाचं पाणी पूर्वी कुठून जायचं. एक जादा बोअर त्या कोपऱ्यात घ्या.

दुसरी चूक मोसमाची. मे महिन्यात बोअर घेतला की पाणी खोल दिसतं आणि रिपोर्टमध्ये ‘पाणी आढळले नाही’ असं येतं. सैल बारीक वाळू पाण्याखाली असेल तर भूकंपात तिची ताकद जाते आणि ती पातळ होऊन वाहू लागते. २००१ मध्ये कच्छच्या रणात हे मोठ्या प्रमाणावर झालं. तेव्हा तपासणी पावसाळ्यानंतरची सगळ्यात वरची पाणीपातळी धरून करा असं स्पष्ट सांगा. बोअर संपल्या संपल्या घेतलेली पातळीही खोटी असते, कारण ड्रिलिंगचं पाणी आतच असतं. २४ तासांनी मोजायला लावा.

वाळू सैल की घट्ट, हे ‘एन’ आकड्यावरून कळतं. ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून टाकतात. पहिले १५ सेंटिमीटर सोडून पुढच्या ३० सेंटिमीटरला किती ठोके लागले, तो एन. झोन ३ मध्ये पाच मीटर खोलीपर्यंत दुरुस्त केलेला एन किमान १५ आणि दहा मीटरच्या खाली २५ असावा, अशी आयएस १८९३ ची अपेक्षा आहे. कमी असेल तर रिपोर्टमध्ये लिक्विफॅक्शनची, म्हणजे वाळू पातळ होण्याची, तपासणी मागा. सगळ्या बोअरमध्ये सगळ्या खोलीवर आकडे जवळजवळ सारखे दिसले, तर मशीन प्लॉटवर आलं होतं का, हे आधी शेजाऱ्यांना विचारा!

पादरा, करजण, डभोई बाजूला काळी माती. तिथे फ्री स्वेल इंडेक्स हवाच: १० ग्रॅम माती पाण्यात, तेवढीच केरोसिनमध्ये, आणि २४ तासांनी फुगण्यातला फरक. ५० टक्क्यांच्या वर गेला तर साधं फुटिंग टाळून अंडर-रीम्ड (तळाशी फुगीर) पाइलचा विचार करा. उभ्या घरात खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग उन्हाळ्यात रुंदावते आणि पावसाळ्यात मिटते, तर धक्क्याला दोष देऊ नका. ते बहुधा काळ्या मातीचं काम आहे. वरून प्लास्टर मारण्याआधी पायालगत पाणी कुठून मुरतंय ते शोधा.

आणखी एक. भूकंपाच्या भारासाठी जमिनीची क्षमता वाढवून धरायची मुभा आयएस १८९३ मध्ये आहे, पण कठीण जमिनीला ५० टक्के, मध्यमला २५ आणि मऊला शून्य. सरसकट २५ धरलेलं डिझाइन दिसलं तर माती कोणत्या प्रकारात बसवली आहे ते विचारा.

आणि दोन मजल्यांचा विचार बदलून चार झाले, किंवा खाली बेसमेंट आलं, तर जुना रिपोर्ट चालवून घेऊ नका. बोअर साधारण फुटिंगच्या रुंदीच्या दीड ते दोन पट, तोही पायाच्या पातळीखाली, जायला हवा. फुटिंग मोठं झालं किंवा पाया खाली गेला की जुना बोअर अपुरा पडतो.