‘आमच्या आबांनी दारूला कधी हात लावला नाही!’ : पेशंटच्या घरच्यांनो, या चुका टाळा

‘पुनर्वसन’, म्हणजे रिहॅब, म्हटलं की आपल्या खान्देशात दोनच गोष्टी आठवतात: धरणात गेलेली गावं आणि व्यसनमुक्ती केंद्राची पाटी. तिसरा अर्थ समजावता समजावता माझी निम्मी फिजिओथेरपी संपते.

पारोळ्याकडच्या एका आबांना लकवा झाला, डावी बाजू गेली. दहाव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, ‘‘आता रिहॅब सुरू करा.’’ थोरला मुलगा भडकलाच. ‘‘साहेब, आमच्या आबांनी दारूला कधी हात लावला नाही!’’ डिस्चार्ज मिळाला म्हणजे बरे झाले, असं धरून चालले. आबांचाही एकच घोशा, ‘‘माले घर लई चाला.’’ घरी मालिशवाला लावला. तो तेल चोळून झालं की लुळा हात धरूनच त्यांना उठवून बसवायचा. मला बोलावलं तेव्हा अडीच महिने उलटले होते. खांदा खोबणीतून खाली सरकलेला, घोटा आखडून टाच जमिनीला टेकेना. लकव्यानंतर सुधारणा सगळ्यात वेगाने होते ती पहिल्या तीन महिन्यांत, आणि ते तेलात गेले. आबा आज काठी धरून ओट्यापर्यंत येतात, पण शर्टाची बाही सूनबाईच चढवते.

मालिशचा मला राग नाही, बरं वाटतं त्याने. पण रिहॅब म्हणजे शरीराला गेलेलं काम परत शिकवणं. उठणं, तोल, चालणं फिजिओ बघतो. बटण लावणं, जेवणं, संडासला बसणं ऑक्युपेशनल थेरपीत येतं. आणि स्पीच थेरपिस्ट फक्त बोलण्यासाठी नसतो, घास नीट गिळता येतोय का तेही तोच तपासतो. ‘‘आबा बोलतात की, तो कशाला?’’ म्हणणाऱ्या घरात जेवताना ठसका ऐकू आला की माझ्या पोटात गोळा येतो. ‘‘किती दिवसांत चालतील?’’ हा पहिल्याच दिवशीचा प्रश्न मी ऐकला न ऐकलासा करते.

नर्सिंग होमचा घोळ वेगळाच. अमेरिकेतला मुलगा फोनवर सांगतो, ‘‘बाबांना नर्सिंग होममध्ये ठेवा.’’ त्याच्या डोक्यात असतं नर्सच्या देखरेखीखालचं, महिनोन्‌महिने राहायचं ठिकाण. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे खासगी दवाखाना, १९४९ च्या नोंदणी कायद्यापासून तेच नाव. इथला भाऊ बापाला पुन्हा ॲडमिट करतो आणि बिल बघून दोघं भावंडं भांडतात. तुम्हाला हवं असतं केअर सेंटर. वृद्धाश्रमाला फोन केलात तर आधी हेच विचारा: अंथरुणाला खिळलेला पेशंट घेता का? बऱ्याच ठिकाणी हिंडता-फिरता माणूसच घेतात.

घरी नर्स पुरवणाऱ्या ब्युरोने पाठवलेली पांढऱ्या कपड्यातली प्रत्येक बाई ‘सिस्टर’ नसते. एएनएमचा, म्हणजे सहायक नर्सचा, कोर्स दोन वर्षांचा; जीएनएमचा, म्हणजे जनरल नर्सचा, तीन. बाकीच्या मावशी, आणि चांगल्या मावशीला मी सोन्याच्या मोलाची मानते. पण नाकातल्या नळीने भरवणं तिच्यावर सोडायचं तर दवाखान्यातच सिस्टरसमोर तिच्याकडून दोनदा करून घ्या. डोकं उंच करून भरवायचं आणि नंतर अर्धा-पाऊण तास तसंच ठेवायचं. आडवं भरवलं की पेज फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. घाई झालेले लोक नेमकं हेच टाळतात.

एअर बेड घेतला तरी दर दोन तासांनी कूस बदलायचीच. आपल्या मे महिन्यात रेक्झिनवर घामेजलेली पाठ बेडसोरला, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमांना, आमंत्रण देते, वर सुती चादर हवी. आणि ती माकडहाडाखालची गोल रिंग आधी फेकून द्या.

लघवीची पिशवी कायम कमरेच्या खाली, वर कधीच नाही. पेशंटला गाडीत घालतानासुद्धा.

‘डामा’ म्हणजे डॉक्टर नको म्हणत असताना तुम्ही सही करून घरी नेणं. तो लवकर मिळालेला डिस्चार्ज नव्हे.

पॅलिएटिव्ह म्हणजे ‘हात टेकले’ नव्हे. दुखणं, धाप, मळमळ कमी करणं, तेही बाकी उपचार चालू असताना.

राहिला विमा. दवाखान्याचं बिल निघालं म्हणून रिहॅब सेंटरचंही निघेल असं धरू नका. बहुतेक पॉलिसींत विश्रांती आणि पुनर्वसनाचा खर्च वगळलेला असतो, पॉलिसीतल्या ‘काय मिळणार नाही’च्या यादीत कोड ०५ खाली. डिस्चार्जनंतरची औषधं आणि तपासण्या मात्र पॉलिसीत लिहिलेल्या मुदतीपर्यंत, बऱ्याचदा ६० दिवस, मिळू शकतात. फिजिओचे पैसे त्यात बसतात का, ते कंपनीकडून लेखी घ्या. एजंट तोंडी ‘‘होऊन जाईल’’ म्हणाला होता, असं मला सांगू नका.