मंडळीत सेवकपदासाठी आपले नाव सुचवले जाते तेव्हा

ठाण्यातील आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या समुदायात, मी काही वर्षे सेवक, म्हणजेच डीकन, म्हणून काम करत आहे. ज्यांचे नाव या पदासाठी प्रथमच सुचवले जात आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. आपण कोणत्या परंपरेत आहोत, हे आधी स्पष्ट असावे. कॅथलिक चर्चमध्ये डीकन हा दीक्षा मिळालेला धर्मसेवक असतो. कायम डीकन होण्यासाठी अविवाहित पुरुषाचे वय किमान २५ आणि विवाहिताचे किमान ३५ असावे लागते, शिवाय विवाहिताला पत्नीची संमती आवश्यक असते. १९७० मध्ये नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात ही पाळकीय दीक्षेची पहिली पायरी आहे. आमच्या मंडळीत मात्र, बाप्टिस्ट मंडळ्यांप्रमाणेच, सेवक हा नोकरीधंदा सांभाळणारा साधा सभासद असतो आणि त्याची निवड मंडळीच करते.

या सेवेचे मूळ सहसा बायबलमधील प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या अध्याय ६ मध्ये मानले जाते, जरी तेथे निवडलेल्या सात जणांना हे पदनाम दिलेले नाही. रोजच्या वाटपात आपल्या विधवांची उपेक्षा होते, अशी ग्रीक बोलणाऱ्या विश्वासणाऱ्यांची तक्रार होती. मंडळीने जे सात जण निवडले त्या सर्वांची नावे ग्रीक आहेत, आणि त्यांतील नीकलाव तर अंत्युखियाचा, यहूदी धर्म स्वीकारलेला मनुष्य होता. म्हणजे ज्यांची गाऱ्हाणी कानावर येत नव्हती, त्यांच्याच भाषेच्या माणसांच्या हाती वाटप सोपवले गेले, असे मला वाटते, आणि निवडीचा विचार करताना मी हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची मानतो. आमची जुनी घराणी ठाणे स्टेशनच्या आसपास राहतात, तर पुष्कळ नवी कुटुंबे कळवा-दिव्याकडे भाड्याने राहतात. सर्व सेवक पहिल्या गटातलेच असले, तर दिव्यातल्या एकट्या आजींची औषधे संपल्याचे आम्हाला कळायला वेळ लागतो.

वार्षिक सभेच्या आधी सभासद नावे सुचवतात, त्यानंतर पाळकसाहेब आणि मंडळीचे वडील, म्हणजे एल्डर, प्रत्येकाशी स्वतंत्रपणे बोलतात. या बोलण्याचा आधार बायबलमधील तीमथ्याला पहिले पत्र, अध्याय ३ हा असतो: सेवक गंभीर असावा, दुटप्पी बोलणारा, मद्यासक्त किंवा पैशाचा लोभी नसावा, घर नीट चालवणारा असावा आणि त्याची आधी पारख झालेली असावी. ही पारख मुलाखतीत होत नाही. कोण सभासद आजाऱ्याला भेटून येतो आणि त्याविषयी बाहेर बोलत नाही, हे मंडळीने पूर्वीच पाहिलेले असते. म्हणून पद मिळाल्यावर सेवा सुरू करू, असे म्हणणाऱ्याने एक वर्ष थांबावे, असे मी स्पष्ट सांगतो. रोमकरांस पत्राच्या १६व्या अध्यायात किंख्रिया येथील मंडळीची सेविका म्हटलेल्या फीबीचा दाखला देऊन आम्ही बहिणींची, म्हणजे स्त्री सभासदांचीही, निवड करतो. सर्व मंडळ्या तसे करत नाहीत. मतदानानंतर हात ठेवून प्रार्थना होते.

प्रत्यक्ष काम टेबलाशीच सुरू होते. उपासना संपल्यावर दानार्पणाच्या थैल्या आतल्या खोलीत आणतात, दोन सेवक दार उघडे ठेवून नोटा आणि नाणी वेगळी मोजतात, पाकिटांवरील नावे पावतीपुस्तकात उतरतात आणि दोघांच्या सह्या झाल्याशिवाय पैसे कोषाध्यक्षांकडे जात नाहीत. एकट्याने कधीही मोजू नये, मग दुसरा सेवक आपला सख्खा भाऊ का असेना. प्रभुभोजनाची मांडणी, रुग्णालयातील भेटी, अंत्यविधीची धावपळ हे सर्व हळूहळू अंगवळणी पडते, परंतु मदत देताना घेणाऱ्याचा मान राखणे प्रयत्नपूर्वक शिकावे लागते. किराणा द्यायचा असेल तर तो घरी नेऊन द्यावा, चर्चच्या पायऱ्यांवर नव्हे.

होकार देण्यापूर्वी घरच्यांशी मोकळेपणाने बोलावे, कारण बहुतेक रविवार दुपारपर्यंत जातात आणि रात्री-बेरात्री फोन येतात. नोकरीच्या पाळ्यांमुळे हे जमणार नसेल, तर पाळकसाहेबांना तसे सांगून नाव मागे घेणे मुळीच कमीपणाचे नाही. आणि कार्यकाळ संपल्यावर चालू मदतीची यादी नव्या सेवकाला नुसती देऊ नये; त्याला बरोबर घेऊन त्या प्रत्येक घरी एकदा जाऊन यावे.