फॅन्टसी सेटिंग खेळायला तयार कसं करायचं, सांगलीतल्या सांगलीत

टेबलाभोवती बसून खेळायच्या रोलप्लेइंग गेममध्ये गोष्ट चालवणारा तो डीएम, आणि ती गोष्ट ज्या काल्पनिक जगात घडते ते सेटिंग. नवीन डीएम लोक सेटिंग लिहायला बसले की पहिल्यांदा देव, राजघराणी, तीन हजार वर्षांचा इतिहास आणि भलामोठा नकाशा करतात, आणि मग खेळताना प्लेअर विचारतो "या गावात मुक्काम कुठं करायचा आणि इथं चाललंय काय?" तेव्हा वहीची पानं उलटत बसायला लागतंय. माझं मत सरळ आहे. गावात कुणाला तरी काहीतरी आत्ताच्या आत्ता पायजे, दुसरं कुणीतरी ते अडवतंय आणि प्लेअर्सनी काहीच नाही केलं तरी काहीतरी बिघडणार आहे, एवढं असलं की सेटिंग तयार.

त्यामुळं राज्यापासून नको, एका गावापासून सुरू करा आणि ते बघितलेलं गाव घ्या. आपलं हरिपूर घ्या ना, कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ, आणि जमिनीखाली हळद साठवायची पेवं. पेवाचं तोंड अरुंद, पोट मोठं, आणि उघडल्यावर लगेच आत उतरायचं नसतं कारण आतली हवा जीव घेऊ शकते, आधी ते उघडं ठेवायला लागतं. म्हणजे डंजन (प्लेअर्सनी उतरून धुंडाळायची धोक्याची जागा) तयार, ट्रॅप तयार, आणि गावातल्या माणसाला ते माहिती असल्यामुळं त्याच्याशी नीट बोलणाऱ्या प्लेअरला फायदा पण तयार.

आता नाव बदला आणि जादू घाला, पण एकच, आणि ती रोजच्या जगण्यात कुठंकुठं शिरते ते शेवटपर्यंत बघा. समजा हळदीची रेघ भुताला ओलांडता येत नाही. मग अमावास्या जवळ आली की भाव चढणार, अडत्या माल दाबून ठेवणार, ज्याला परवडत नाही त्याच्या दाराला रेघ नसणार, आणि भेसळीची हळद विकणारा माणूस खुनी ठरणार! हे एवढं सुचलं की देवांची वंशावळ नसली तरी खेळ रंगतो, मी तर म्हणतो जास्त रंगतो.

मग माणसं. तीन बास. अडत्याला एक जुनं पेव न उघडताच विकायचंय, हमालांच्या मुकादमाचा भाऊ त्याच पेवात उतरला तो वर आलाच नाही, आणि पुजाऱ्याला ते पेव कायमचं बुजवायचंय पण कारण सांगत नाही. प्रत्येकाचं खरं कारण तुमच्या वहीत एका ओळीत पायजे, प्लेअर्सना नंतर कळू दे.

आणि घड्याळ, म्हणजे प्लेअर्सनी काहीच नाही केलं तरी जवळ येत राहणारं संकट. पावसाळ्यात सांगलीत सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो, आयर्विनला (कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला) पाणी किती? ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. तसाच पूल तुमच्या गावाला द्या, खेळातल्या प्रत्येक दिवसाला पाणी दोन फूट चढवा, ४० ला नदीकाठची घरं रिकामी होतात, ४५ ला पेवात पाणी शिरतं. २००५ च्या पुरात हरिपूरची कितीतरी पेवं खरंच गेली, त्यामुळं हे टेबलावर कुणाला खोटं वाटत नाही. प्लेअर्स चर्चा करत बसले तर बसू दे, तुम्ही शांतपणे आकडा वाढवायचा.

बाकी किरकोळ पण हाताशी लागतंच: वीसेक नावं (ऐनवेळी नाव सुचत नाही), जेवण-मुक्काम-होडी-दोर यांचे दर, शेजारच्या गावाला पायी किती वेळ लागतो, आणि सहा अफवा, डाइस टाकून निघतील अशा. त्यातल्या दोन खोट्या ठेवा, पण त्या कुणी आणि का पसरवल्या ते ठरवून ठेवा, नाहीतर प्लेअर मागं लागले की तुम्ही अडकलात.

हे सगळं दोन पानांत बसवा आणि ग्रुपमधल्या दुसऱ्या कुणाला तरी चालवायला द्या, तुम्ही गप्प बसून ऐका. तो जिथं थांबून तुमच्याकडं बघेल तिथं सेटिंग अजून कच्चं आहे, तेवढंच लिहा.