कुंडीतल्या झाडावर तपकिरी डाग: फवारणीआधी मुळं बघा

घरातल्या झाडाच्या पानावर डाग दिसला की नाशिककर पहिला फोन लावतो तो दिंडोरी नाहीतर पिंपळगावकडच्या बागायतदार नातेवाइकाला. तिकडचं उत्तर ठरलेलं: "करपा असेल, औषध पाठवतो, मारून टाक." मग द्राक्षबागेतली उरलेली पुडी फ्लॅटमधल्या पीस लिलीवर रिकामी होते. हे आधी थांबवा. करपा हा बुरशीचा रोग, आणि बहुतेक बुरश्यांना रुजायला पान काही तास ओलं राहावं लागतं. हॉलच्या कोपऱ्यातल्या ज्या पानाला पाण्याचा थेंब लागत नाही, त्यावर करपा कुठून येणार? घरातले बहुतेक डाग पाणी, ऊन नाहीतर मुळं यांच्यामुळे पडतात. शिवाय शेतातलं औषध बंद खोलीत, लेकराबाळांच्या श्वासात मारायचं नसतं.

१. डाग कुठे आहे ते बघा

नुसती शेंडी आणि कडा वाळून कुरकुरीत झाल्या असतील, तर कोरडी हवा किंवा पाण्यातले क्षार. एप्रिल-मेमध्ये बोअरचं किंवा टँकरचं पाणी घालणाऱ्यांकडे स्पायडर प्लांट आणि ड्रेसिना हमखास असे होतात. कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसला की खात्रीच. चांगलं पाणी मिळेल तेव्हा कुंडी मोरीत ठेवून तिच्या आकाराच्या तिप्पट-चौपट पाणी हळूहळू आरपार जाऊ द्या. झालं.

खिडकीकडच्याच पानांवर फिकट, कागदासारखे चट्टे असतील तर ऊन. झाड दोन हात मागे घ्या.

डिसेंबर-जानेवारीत बाल्कनीतल्या ॲग्लोनेमावर रात्रीतून पाणी भरल्यासारखे गडद डाग पडले, तर ती थंडी. निफाडकडे बागा वाचवायला पहाटे शेकोट्या पेटवतात, त्या थंडीत आपलं उष्ण प्रदेशातलं झाड बाहेर कशाला? आत घ्या.

बारीक बारीक असंख्य ठिपके, पान निस्तेज आणि खालून जाळी, तर लाल कोळी ही रस शोषणारी बारीक कीड. पानाखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा; ठिपके चालायला लागले तर तोच. पानं खालून ओल्या फडक्याने पुसा. मग लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि साबणाच्या पाण्याचे चार थेंब घालून संध्याकाळी फवारा. आठवड्याने पुन्हा.

गोल डाग, भोवती पिवळं कडं आणि रोज वाढणारा, हा मात्र बुरशीचा किंवा जिवाणूचा असू शकतो. श्रावणात खिडक्या बंद, कपडे घरातच वाळत घातलेले आणि वरून कुणी हौसेने पानांवर पाणी फवारणारं असलं की असे डाग येतात. पण आहे का ते आधी तपासा.

२. डागाभोवती रेघ मारा

मार्करने डागाच्या कडेने रेघ ओढा आणि चार-पाच दिवस थांबा. डाग रेघेतच राहिला तर ती जुनी इजा आहे, काही करू नका. रेघ ओलांडली तर ते पान काढून टाका (कंपोस्टमध्ये नको), पानांवर पाणी मारणं बंद, झाड हवेशीर जागी. एवढ्याने बहुतेक वेळा भागतं. नाहीच भागलं तर नर्सरीतून ताम्रयुक्त बुरशीनाशक आणा, पाकिटावरच्या मापाने, हातमोजे घालून, बाल्कनीत मारा. मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण बागेसाठी ठीक आहे. घरातली कोवळी पानं त्याने करपू शकतात.

३. झाड कुंडीतून बाहेर काढा

लोक हीच पायरी टाळतात, आणि मलाही सगळ्यात जास्त हिनेच छळलं. कारण लक्षणं फसवी असतात. जास्त पाण्याने मुळं कुजली की ती पाणी ओढेनाशी होतात. म्हणजे माती चिंब आणि झाड तहानलेलं. पान मलूल होतं, कडेने तपकिरी पडतं. बघणाऱ्याला वाटतं पाणी कमी पडलं. तो आणखी घालतो. पान बघून यातला फरक भल्याभल्यांना सांगता येत नाही. कुणी फोटोवरून छातीठोकपणे सांगत असेल तर त्याचं ऐकू नका.

आधी उदबत्तीची रिकामी काडी कुंडीत खोलवर खुपसा, दहा मिनिटांनी काढा. वरची माती कोरडी आणि काडीचं टोक ओलं, तर पुढे जाच. बोटाने नुसती वरची माती चाचपून काहीच कळत नाही.

आता कुंडी आडवी करा, बाजूने थोपटा आणि मातीचा गोळा अलगद बाहेर घ्या. खोडाला धरून ओढू नका. गोळ्याच्या पोटात बोट घाला. नर्सरीतून आलेली झाडं पुष्कळदा चिकट मातीच्या घट्ट गोळ्यात असतात आणि आपण तो गोळा तसाच कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, बसवतो. मग बाहेरचं कोकोपीट वाळतं, आतली माती आठवडाभर ओली राहते. कूज तिथे सुरू होते. तो गोळा नळाखाली धरून फोडा. "मुळं दुखावतील" असं सांगणारे भेटतील. थोडी तुटलेली मुळं भरून येतात, कुजलेली येत नाहीत.

निरोगी मूळ टणक असतं. कुजलेलं मऊ असतं, गटारासारखा वास मारतं आणि चिमटीत धरून ओढलं की वरची साल निघून हातात दोरा उरतो. रंगावर जाऊ नका. स्नेक प्लांट आणि ड्रेसिनाची चांगली मुळंही नारिंगी असतात, ती रोगट समजून लोक कापून टाकतात. ओढून बघा, मगच कापा. कात्री स्पिरिटने पुसा आणि टणक भाग लागेपर्यंत मागे या. इथे दयामाया नको. मऊ तुकडा ठेवलात तर कूज पुन्हा वर चढते.

हळद, दालचिनी, चहाचा चोथा यातलं काही घालू नका. चोथ्याने चिलटं तेवढी होतात.

४. पुन्हा लावा

कुंडी उरलेल्या मुळांच्या मानाने निवडा, पानांच्या नाही. म्हणजे बहुतेकदा आधीपेक्षा लहान. मोठ्या कुंडीतली जादा माती ओल धरून बसते आणि तीन आठवड्यांत तुम्ही पुन्हा इथेच येता. आपली काळी माती कुंडीला नकोच. कोकोपीट, पर्लाइट (नर्सरीत मिळणारे पांढरे हलके खडे) किंवा जाड वाळू आणि थोडं गांडूळखत. खाली भोक हवंच. शोभेच्या बाहेरच्या कुंडीत साचलेलं पाणी ओतून द्या. कित्येक झाडं तिथेच बुडून मरतात.

मिश्रण आधीच किंचित ओलं करून लावा, सावलीत पण उजेडात ठेवा. काडी कोरडी निघाल्याशिवाय पाणी नाही. महिना-दीड महिना वरून कुठलंही खत नाही, कुणी कितीही जादूचं द्रावण दिलं तरी.

जुने डाग पुन्हा हिरवे होत नाहीत, त्यांची वाट बघू नका. नवीन पान स्वच्छ निघालं म्हणजे झाड सावरलं. तोवर अर्धी हिरवी पानं खुडू नका, झाड त्यांच्यावरच जगत असतं. पूर्ण तपकिरी झालेलं तेवढं काढा.