बारावीला गुण कमी असताना विधी महाविद्यालयात प्रवेश कसा मिळवावा

बारावीचा निकाल मनासारखा लागला नाही की वकिलीचा विचार सोडून द्यावा लागतो, असे बरेच विद्यार्थी आणि त्यांच्याहून अधिक पालक धरून चालतात. प्रत्यक्षात कायद्याच्या प्रवेशात बारावीचे गुण मुख्यतः पात्रतेपुरते पाहिले जातात. म्हणून आधी गुणपत्रिका समोर घेऊन हिशेब करावा.

वकिली आणि कायद्याच्या शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या विधी शिक्षण नियमांनुसार पाच वर्षांच्या एकात्मिक (पदवी आणि कायदा एकत्र शिकवणाऱ्या) अभ्यासक्रमासाठी बारावीला खुल्या प्रवर्गात 45, इतर मागासवर्गीयांना 42 आणि अनुसूचित जाती-जमातींना 40 टक्के गुण आवश्यक असतात. राज्य मंडळाच्या 600 गुणांपैकी 45 टक्के म्हणजे 270. ज्याला 269 गुण आहेत त्याचे 44.83 टक्के होतात आणि ते 45 धरले जात नाहीत. त्या एका गुणासाठी अर्ज-विनंत्या करण्यात वेळ घालवू नये.

ही मर्यादा ओलांडली असेल, तर 46 टक्केवाला आणि 86 टक्केवाला एकाच पातळीवर येतात, कारण राज्याच्या विधी सीईटीची (सामाईक प्रवेश परीक्षेची) गुणवत्ता यादी सीईटीच्या गुणांवर लागते आणि बारावीचे गुण दोघांचे सीईटीचे गुण सारखे आले तरच विचारात घेतले जातात. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी द्यावी लागणारी क्लॅट ही देशपातळीवरील प्रवेश परीक्षाही याच तत्त्वावर चालते. मात्र तिथे चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा होतो. राज्याच्या सीईटीत गुण वजा होत नसल्याने एकही प्रश्न कोरा सोडू नये, हे साधे पथ्य कित्येक जण पाळत नाहीत.

मर्यादेच्या खाली असणाऱ्यांपुढे दोन वाटा आहेत. पहिली मंडळाच्या श्रेणीसुधार योजनेची, म्हणजे पुन्हा परीक्षा देऊन गुण वाढवण्याची. पाच-दहा गुणच कमी पडत असतील तर ती जरूर धरावी. तफावत मोठी असेल, तर माझ्या मते दुसरी वाट अधिक शहाणपणाची आहे: कोणत्याही शाखेची पदवी घ्यावी आणि मग तीन वर्षांच्या एलएलबीसाठी (कायद्याच्या पदवीसाठी) सीईटी द्यावी. इथे 45 टक्क्यांची अट पदवीला लागते, बारावी उत्तीर्ण असणे पुरते. वेळेचा हिशेबही पाहावा. वर्षभर थांबून गुण सुधारले आणि पाच वर्षे शिकले तर सहा वर्षे होतात. पदवीची तीन आणि एलएलबीची तीन मिळूनही सहाच होतात, शिवाय हाती स्वतंत्र पदवी राहते.

नोकरी करत शिकणाऱ्यांनी दूरस्थ पद्धतीने घेतलेली पदवीही चालते, परंतु ती रीतसर दहावी-बारावीनंतरची असावी. बारावी न होता केवळ पूर्वतयारी अभ्यासक्रमाच्या आधारे मुक्त विद्यापीठात थेट घेतलेली पदवी एलएलबीच्या प्रवेशाला ग्राह्य नाही. एलएलबी मात्र दूरस्थ पद्धतीने करता येत नाही. तिला 70 टक्के हजेरीची अट आहे, त्यामुळे वर्गाच्या वेळा नोकरीशी जुळतात का, हे प्रवेशाआधीच विचारावे. पदवीच्या गुणपत्रिकेवर टक्क्यांऐवजी सीजीपीए (श्रेणीगुणांची सरासरी) असेल तर त्याचे टक्क्यांत रूपांतर केल्याचा दाखला विद्यापीठाकडून आधीच घेऊन ठेवावा. फॉर्म भरण्याच्या शेवटच्या आठवड्यात तो मिळवताना फार धावपळ होते.

‘संस्थेच्या कोट्यातून टक्केवारीची अट सुटते’ असे सांगणाऱ्या मध्यस्थाला पैसे देऊ नयेत. त्या जागांनाही बार कौन्सिलची किमान टक्केवारी लागू असते. पदवीधराला पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात मधल्या वर्षी बसवून देण्याचे आश्वासनही खोटे समजावे, कारण नियमांनी अशा प्रवेशाला स्पष्ट मनाई केली आहे. असा प्रवेश कसाबसा झालाच, तरी वकिलीच्या सनदेसाठी अर्ज करताना बारावीपासूनच्या गुणपत्रिका पुन्हा जोडाव्या लागतात आणि तिथे तो उघडा पडू शकतो.