ॲप अडखळतंय? आधी मेन थ्रेड काय करतोय ते पाहा

स्क्रीन 60 हर्ट्झची असेल तर एक फ्रेम तयार करायला जेमतेम 16.7 मिलिसेकंद मिळतात, 120 हर्ट्झला 8.3. टूलकिट (विंडो, बटणं बनवायची लायब्ररी) क्यूटी असो, जीटीके असो की जावाचं स्विंग, क्लिक हाताळणं, लेआउट (कुठे काय मांडायचं ते ठरवणं) आणि विजेट्सचं (बटणं, याद्या वगैरेंचं) बहुतेक काम एकाच मेन थ्रेडवर, म्हणजे ॲपच्या मुख्य धाग्यावर, रांगेने होतं. त्यामुळे 'टूलकिटच बदला' म्हणणाऱ्यांना लांबूनच नमस्कार करा आणि मोजायला बसा.

रिलीज बिल्ड (वापरकर्त्यांना देतो तीच आवृत्ती), खऱ्या वापराइतका डेटा आणि दर वेळी हमखास अडखळणारी एकच कृती. एवढं हाताशी असलं की पुरे.

आता खरी किचकट पायरी: थ्रेड राबतोय की नुसता वाट बघतोय? मीही इथे बराच काळ चाचपडलोय. नेहमीचा सीपीयू प्रोफायलर (कुठल्या फंक्शनमध्ये किती वेळ जातो ते मोजणारं साधन) प्रोसेसरवर चालू असलेल्या कोडचीच सॅम्पल्स घेतो. मेन थ्रेड डिस्क, नेटवर्क किंवा एखाद्या लॉकपाशी (दुसऱ्या थ्रेडने अडवून ठेवलेल्या कुलपापाशी) अडून बसला असेल तर त्याला ते दिसतच नाही. रिपोर्टमध्ये भलतीच फंक्शन्स वर येतात आणि माणूस तीच घासत बसतो.

म्हणून विंडो अडकलेली असतानाच स्टॅक घ्या, म्हणजे त्या क्षणी थ्रेड कुठल्या फंक्शन्समध्ये आहे त्याची यादी. जावात जेस्टॅक ही कमांड चालवून 'एडब्ल्यूटी-इव्हेंटक्यू-0' हा थ्रेड शोधा, स्विंगमध्ये मेन थ्रेडचं काम तोच करतो. सी किंवा सी++ मध्ये जीडीबी हा डीबगर जोडून बॅकट्रेस (तोच स्टॅक) काढा. एकावर विसंबू नका, लागोपाठ तीन-चार घ्या. प्रत्येकात तीच ओळ आणि प्रोसेसर निवांत, म्हणजे वाट बघणं चाललंय.

अडखळणं क्षणभराचंच असेल तर ते हाताने पकडता येत नाही. मेन थ्रेडवर 50 मिलिसेकंदांचा टायमर लावा. त्याने फक्त वेळ नोंदवायची. ती नोंद 200 मिलिसेकंदांहून शिळी झाली की दुसऱ्या थ्रेडने मेन थ्रेडचा स्टॅक टिपून ठेवायचा. हे काम मेन थ्रेडलाच सांगू नका. त्याला जाग येईपर्यंत चोर पसार झालेला असतो.

इथे हमखास मिळणारा वाईट सल्ला म्हणजे 'लूपमध्ये अधूनमधून प्रोसेसइव्हेंट्स (रांगेतल्या क्लिक वगैरे मधेच हाताळणारं क्यूटीचं फंक्शन) बोलवा'. अजिबात नको! त्याच कॉलमध्ये बटणावरची दुसरी क्लिक पोचते आणि अर्धवट राहिलेलं फंक्शन स्वतःच्याच पोटात पुन्हा सुरू होतं. जड काम वेगळ्या थ्रेडवर न्या, पण तिथून विजेटला हात लावू नका. निकाल क्यूटीत सिग्नलने, स्विंगमध्ये इन्व्होकलेटरने, जीटीकेत आयडल कॉलबॅकने मेन थ्रेडकडे पाठवा.

थ्रेड राबत असेल तर प्रोफायलर लावा, उत्तर बहुधा तिथेच मिळतं.

लेआउट की पेंटिंग हे कळत नसेल तर विंडो लहान करून तीच कृती करा. वेग ठळकपणे वाढला तर संशय पेंटिंगवर, नाहीतर लेआउट किंवा मॉडेलवर (विजेटला डेटा पुरवणाऱ्या भागावर). (लांबलचक याद्यांत ही चाचणी फसवते, छोट्या विंडोत ओळीही कमीच दिसतात.) क्यूटीच्या ट्रीव्ह्यूमध्ये सगळ्या ओळी एकाच उंचीच्या असतील तर युनिफॉर्मरोहाइट्स चालू करा, मग दर ओळीची उंची वेगळी मोजली जात नाही. आणि हजारो ओळी भरताना ओळीगणिक बदलाचा सिग्नल सोडू नका, सगळ्यांचा मिळून एकच सोडा.

एका वेळी एकच बदल करा आणि दर बदलानंतर तीच कृती पुन्हा मोजा.